मी बघत नाही, तो दाखवतो

आमच्या दुकानावर एकच पाटी आहे आणि तिच्यावर दोन ओळी आहेत. वर 'रफू', खाली 'मोबाइल दुरुस्ती'. वरची ओळ मास्तरांची, खालची माझी. गाळा एकच, मधे छातीएवढी प्लायवुडची भिंत. कपडा फाटला तर डावीकडे जा, फोन फुटला तर उजवीकडे या, आणि नशीब फुटलं असेल तर पुढच्या गल्लीत विचारा, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. मास्तर या विनोदाला अकरा वर्षांत एकदाही हसले नव्हते.

मास्तर म्हणजे सदुसष्ट वर्षांचा, ताठ पाठीचा, मोजकं बोलणारा माणूस. रफू म्हणजे काय हे हल्ली बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून सांगते. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, स्वेटर उंदराने कुरतडला, की मास्तर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून थोडे धागे सोडवून घेतात आणि भोकाच्या जागी एक उभा, एक आडवा असं कापड नव्याने विणतात. बाहेरचा दोरा वापरायचा नाही. काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणतात, "शोधा." गिऱ्हाईक बिचारं कपडा उजेडात धरतं, उलटा करतं, सुलटा करतं, आणि हरतं. "दिसलं तर ते रफू कसलं?" असं मास्तर म्हणतात. आयुष्यभराचं तत्त्वज्ञान म्हणाल तर एवढंच.

माझं तसं नाही. माझं तोंड तिखट आहे आणि नाक जरा लांब आहे, म्हणजे खुपसायला. हे माझ्या नवऱ्याने सांगितलंय, सासूने सांगितलंय, आणि गिऱ्हाईक तर रोज सांगतं. पण फोन माझ्या हातात आला की तो नुसता चालू करून देणं मला जमत नाही. आत शिरून चार गोष्टी नीट लावून दिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. लोकांचे फोन म्हणजे नुसता उकिरडा झालेला असतो हो! ते व्हिडिओंचं ॲप उघडलं की एकाखाली एक जे येत राहतं, ज्याला फीड म्हणतात, त्यात काय वाट्टेल ते. एका बाईचं बाळ पोटातच गेलं होतं आणि तिचा फोन तिला चार महिने लंगोट आणि पाळणे दाखवत होता. माझ्या काउंटरवर डोकं ठेवून रडली ती. तेव्हापासून या फीडवर माझा दात होता.

म्हणून त्या ॲपने जेव्हा नवीन सोय आणली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. 'आता काय बघायचं ते तुम्हीच ठरवा,' असं पडद्यावर ठळक अक्षरात यायला लागलं. नको ते विषय बंद करता येतात. फक्त आपण निवडलेल्या माणसांचंच दिसेल असं करता येतं. जुनं सगळं पुसून पाटी कोरी करता येते. आणि एक खोका दिलाय, त्यात साध्या भाषेत लिहायचं, मला हे जास्त दाखवा. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना, देवाला जाग आली. दोन महिन्यांत मी अर्ध्या पेठेची फीडं झाडून पुसून दिली. लोक आशीर्वाद द्यायचे. त्या आशीर्वादांनी माझं डोकं जरा वर गेलं असणार.

मास्तरांच्या फोनला मात्र मी कधी हात लावला नव्हता, कारण तो कधी बिघडलाच नाही. टेबलावर दोऱ्यांचा एक पत्र्याचा डबा असतो, त्याला टेकवून ठेवलेला असायचा. मी नऊला येते, ते आठला. मी आले की ते फोन पालथा घालायचे. "काय बघत होता मास्तर?" मी विचारायची. "मी कुठे काय बघतो, बाई," ते म्हणायचे. "तो दाखवतो." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की मी नवऱ्यालाही ऐकवायची. आमच्या घरी तो एक चेष्टेचा विषय झाला होता. नवरा फ्रीज उघडून उभा राहिला की मी म्हणायची, हो हो, तुम्ही कुठे बघताय, तो दाखवतोय.

एका गुरुवारी मी माझी बाजू उघडते न उघडते तोच मास्तर भिंतीपाशी येऊन उभे. हातात फोन. "बाई, बंद पडला. मधेच गेला. जरा लवकर बघता?"

अकरा वर्षांत या माणसाच्या तोंडून 'लवकर' हा शब्द मी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर कपडा परत देणारा माणूस! तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, वय झालंय, सवय लागलीय फोनची. बॅटरी फुगली होती. दहा मिनिटांचं काम. बदलली, चालू केला, ॲप उघडतंय का बघितलं, आणि मला घेरीच आली. गुडघेदुखीची औषधं, ओरडून बोलणारे पुढारी, कंबर हलवणाऱ्या पोरी, आणि मधे मधे सुया, दोरे, टाके, विणकाम, परत सुया. मी म्हटलं, अरे देवा! माणूस दिवसभर सुईत डोळे घालून बसतो आणि सकाळी उठून परत सुयाच बघतो? कीव आली मला. खरंच सांगते, प्रेमानेच केलं मी.

जुनं सगळं पुसलं. पाहिलेल्याची यादी पुसली. औषधं बंद, पुढारी बंद, नाच बंद. 'शिवण व हस्तकला', तेही बंद. वर 'फक्त निवडलेले लोक' हे बटण दाबलं. मास्तरांनी निवडलेले होते तिघेच. एक कापडाचा व्यापारी, एक पुतण्या आणि मी.

फोन परत दिला तो मिरवतच. "घ्या मास्तर, अगदी स्वच्छ केलाय. आता तुमच्या मर्जीशिवाय एक गोष्ट दिसणार नाही."

मास्तरांनी ॲप उघडलं. व्यापाऱ्याचे तागे आले. पुतण्याची मोटरसायकल आली. माझ्या दुकानाची जाहिरात आली. मग पडद्यावर आलं, 'तुमचं सगळं पाहून झालं.' त्यांनी अंगठा परत वर सरकवला. परत तेच. परत सरकवला.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं! संपायलाच पाहिजे मास्तर. त्या कंपन्या संपू देत नाहीत, तोच तर रोग आहे."

"बरं," म्हणाले, आणि जाऊन बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरांच्या हातून दोन सुया मोडल्या. एका वकिलांचा काळा कोट होता, त्याचं रफू वकिलांना दिसलं. "इथे आहे," असं म्हणून त्यांनी बोट ठेवलं. मास्तरांनी कोट काढून घेतला, सगळं उसवलं आणि परत बसले. चेहरा असा की मेलेल्या माणसाचा बरा. मी चहा पुढे केला तर गार होईपर्यंत तसाच. तब्येत बरी नाही का, विचारलं, तर बरी आहे. कुणी काही बोललं का, तर नाही.

मग एक दिवस ताकाला जाऊन भांडं लपवायला लागले. "बाई, ते... काही घाई नाही म्हणा... पण ते आधी जे यायचं फोनवर, आपोआप, ते परत आणता येतं का?"

आणि मी काय म्हणाले, ते सांगायची मला आजही लाज वाटते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "का हो मास्तर? त्या कंबर हलवणाऱ्या पोरींची आठवण यायला लागली वाटतं!"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. मास्तरांचे कान लाल झाले. ते वळले, बसले, भिंग डोळ्याला लावलं. त्या दिवशी पाचला मी 'येते' म्हटलं तर त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या मंगळवारी माझ्या इमारतीचं पाणी गेलं, म्हणून मी लवकर निघाले आणि सव्वाआठलाच दुकानात पोचले. दार अर्धं उघडं होतं. मास्तरांच्या समोर डब्याला टेकवलेला फोन. ते एका बोटाने काहीतरी लिहीत होते, 'सुई दोरा', खोडत होते, 'स्वेटर भोक', परत खोडत होते. डोळे लाल. मी आत आले तसा त्यांनी फोन इतक्या जोरात पालथा घातला की भिंग खाली पडलं.

माझ्या तोंडावर आलंच होतं, 'चोराच्या मनात चांदणं' म्हणून. पण भिंगाकडे बघितलं. त्या भिंगाला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पोटच त्याच्यावर आहे त्यांचं. तरी ते उचलायला वाकले नाहीत.

"मास्तर," मी म्हटलं, "काय झालंय? खरं सांगा."

त्यांनी भिंग उचलून शर्टाला पुसलं. मग म्हणाले, "बाई, माझी मुलगी होती त्यात."

मास्तरांना एकच मुलगी आहे. तिचं काय झालं ते मला माहीत होतं, कारण मी तिथे हजर होते. चार वर्षांपूर्वी मास्तरांची बायको आजारी पडली तेव्हा मुलगी दुसऱ्या शहरात नव्या नोकरीवर लागली होती. मास्तरांनी सगळ्यांना बजावलं, तिला कळवायचं नाही, तिचं चित्त विचलित होईल. मलाही बजावलं. रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा आणि मास्तर सांगायचे, आई झोपलीय, आई शेजारी गेलीय. घरात भोक पडलं होतं आणि हे आपले रफू करत बसले होते, दिसू नये असं. तीन आठवड्यांत त्यांची बायको गेली. मुलगी आली तेव्हा सगळं उरकलं होतं. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर ती ओरडली, "मी काय बघायचं आणि काय नाही, हे तुम्ही कोण ठरवणार?" चूक मास्तरांची होती आणि त्यांनाही ते कळत होतं. पण चारचौघांत लेकीने तोंडावर बोलावं! ते म्हणाले, "मग आता माझंही बघू नकोस. आणि मी तुझं तोंड बघणार नाही." ती बॅग न उघडताच परत गेली. नंबर बदलला. मास्तर शब्दाचे पक्के, त्यामुळे त्यांनीही शोधला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

"दोन वर्षं झाली," मास्तर सांगायला लागले. "एकदा फोनवर कुणीतरी रफू शिकवताना दिसलं. चुकीचं शिकवत होता गाढव. राग आला म्हणून पूर्ण बघितलं. मग फोन तसलंच दाखवायला लागला. त्यात एकदा पोरीचे हात आले. चेहरा नाही, नुसते हात. डावखुरी आहे ती. आणि बोटात तिच्या आईचं अंगुस्तान."

अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिवताना बोटात घालतात ती पितळी टोपी. त्या टोपीला एका बाजूला पोचा होता, म्हणाले, तो त्यांच्याच हातून पडला होता.

मुलगी रफूच दाखवायची, पण बापाच्या बरोबर उलटं. भोक लपवायचं नाही. करड्या मोज्यावर लाल दोरा, निळ्या कोपरावर पिवळा. इथे फाटलं होतं हे जगाला दिसू दे, असं. "सगळं चुकीचं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. "दोरा फार ओढते. लहानपणापासून ओढते."

"मग तिला निवडून का नाही ठेवलंत? एक बटण दाबायचं होतं, मास्तर!"

"कसं दाबणार? शब्द दिला होता. तोंड बघणार नाही म्हणालो होतो. त्यात तोंड दिसत नाही बाई, फक्त हात. आणि मी कुठे बघायला जात होतो? तो दाखवायचा."

एवढ्या एका पळवाटेवर हा माणूस दोन वर्षं जगत होता. रोज सकाळी सव्वाआठला, मी यायच्या आत, फोन डब्याला टेकवायचा आणि ती येईपर्यंत अंगठा सरकवत राहायचं. ती आली की व्हिडिओ शेवटपर्यंत, तीन वेळा. दुसरं काही असेल तर झटकन पुढे. कुणी न शिकवता त्यांना कळलं होतं की थांबलं की तो परत आणतो. घड्याळाला चावी द्यावी तशी रोज चावी देत होते. आणि खात्याचं नाव? इंग्रजी अक्षरं, मधे आकडे. लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवलं तर बघायला गेल्यासारखं झालं असतं ना!

"त्या गुरुवारी," ते म्हणाले, "ती म्हणाली, 'आज एक सांगायचं आहे. सोमवारपासून मी...' आणि फोन गेला. मग मी तुमच्याकडे आणला."

सोमवारपासून मी काय? आजारी आहे? परदेशी चालले? लग्न? ऑपरेशन? बारा दिवस हा माणूस तो एक शब्द चघळत बसला होता. आणि मी त्याला चारचौघांत कंबर हलवणाऱ्या पोरींवरून हसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात माझा आणि अवलक्षण त्यांचं. मी त्या दिवशी त्यांच्यासमोर रडले. मास्तरांनाच मला पाणी द्यावं लागलं.

मग मी इरेला पेटले. शिवण चालू केली, 'फक्त निवडलेले' बंद केलं, जेवढे शब्द सुचले तेवढे टाकून शोधलं. रफूचे व्हिडिओ जगात इतके असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाहिलेल्याची यादी असती तर एका मिनिटाचं काम, पण ती मीच पुसली होती. शेवटी राहिला तो नवा खोका. 'तुम्हाला काय जास्त बघायला आवडेल ते लिहा.'

"सांगा मास्तर, काय लिहू?"

"रफू."

"ते लिहिलं. आणखी? यंत्राला खरं सांगितलं तरच सापडेल."

"डावा हात लिहा. अंगुस्तान लिहा."

ते लिहिलं. काही नाही. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी खोका उघडून बसले, तर मास्तर भिंतीपलीकडून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा, माझी मुलगी."

या वेळी मी न विचारता म्हणाले ते. मी लिहिलं.

आणि त्या बिनडोक यंत्राने मुली दाखवल्या. कुणाची बोबडं बोलणारी, कुणाची पहिल्यांदा सायकल चालवणारी. बाप दाराआड लपून बसलेला आणि मुलगी वर्षाने घरी येऊन त्याच्या गळ्यात पडलेली. एकापाठोपाठ एक, लोकांच्या मुली. मी म्हटलं, बंद करते. मास्तर म्हणाले, "थांबा, ती सायकलवाली पडली का नाही ते बघू द्या."

असे पाच आठवडे गेले. आता मीही सव्वाआठला यायला लागले होते. मास्तर अंगठा सरकवायचे, मी माझ्या बाजूने शोधायची. आणि एका शुक्रवारी मलाच दिसलं. तिचं पान नव्हतं ते. शिवणकामाच्या दुसऱ्या कुणीतरी तिचा तो व्हिडिओ आपल्या पानावर लावला होता. डावा हात, पोचा पडलेलं अंगुस्तान, करडा स्वेटर, नारिंगी दोरा. मी मास्तरांना हाक मारली तेव्हा माझा आवाज फाटला होता.

आवाज तिचाच होता. चार वर्षांत थोडा जाड झालेला.

"आज एक सांगायचं आहे. सोमवारपासून मी हे पान सगळ्यांसाठी उघडं ठेवणार नाही. तशी सोय आता आलीय. कोण बघतं ते मला कळत नाही, आणि गुपचूप बघणारी माणसं मला नकोत. ज्यांना खरंच बघायचं आहे त्यांनी सोमवारच्या आत बटण दाबा, नाव कळू द्या, बस. नंतर जे येतील त्यांचं मी ठरवीन." मग ती थोडा वेळ नुसती शिवत राहिली. मग म्हणाली, "हे मी बाबांकडून शिकले. ते बघत असते तर त्यांनी आत्ता माझी चूक काढली असती. पण ते बघत नाहीत."

म्हणजे बरी होती ती. आजार नाही, काही नाही. मास्तर खुर्चीत मागे टेकले. "बरी आहे," म्हणाले. एवढंच दोनदा म्हणाले.

त्या दुसऱ्या पानावर तिच्या खात्याचं नाव होतं. मी दाबलं. चित्र म्हणून ते अंगुस्तान, खाली कुलूप, खाली बटण, 'विनंती पाठवा'. सोमवार होऊन सहा आठवडे उलटले होते. त्या गुरुवारी मी नुसती बॅटरी बदलून फोन परत दिला असता तर दार उघडंच होतं.

"दाबू?" मी विचारलं.

मास्तरांनी स्वतः दाबलं. बोट काचेवर इतका वेळ ठेवलं की मला वाटलं काच फुटते. आत एक ओळ लिहायला जागा होती. मी म्हटलं, "सांगा."

त्यांना विचार करावा लागला नाही. "लिहा. दोरा फार ओढतेस. भोक आक्रसतं."

"मास्तर! अहो, चार वर्षांनी लेकीला पहिली ओळ ही? माफी मागा. आईचं लिहा. कळवायला हवं होतं, चुकलो, एवढं लिहा!"

"ती म्हणाली ना, बघत असते तर चूक काढली असती? मग काढली. तिला कळेल मी बघत होतो."

"आणि नाही कळलं तर? तिला वाटेल, म्हातारा अजून तसाच आहे."

"माझी मुलगी आहे ती. कळेल."

मी लिहिलं तसंच. आयुष्यभर नको तिथे नाक खुपसलं, आणि जिथे खुपसायला हवं होतं तिथे एकदाच आज्ञाधारक झाले. तेवढ्या एका ओळीपुरतं मी अडून बसायला हवं होतं.

बटणावर आलं, 'विनंती पाठवली आहे'. रोज सकाळी मास्तर ते उघडायचे, बघायचे, बंद करायचे आणि सुईत दोरा ओवायचे. हात परत स्थिर झाला होता. वकील आपला कोट न्यायला आले, तेव्हा त्यांना काही सापडलं नाही. एकदा तर मास्तर माझ्या पाटीच्या विनोदाला, नशीब फुटल्याच्या, चक्क हसले. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी सकाळी ते भिंतीपाशी आले. "बाई, हे परत 'विनंती पाठवा' का म्हणतंय? त्या दिवशी गेली नव्हती का?"

मला एका क्षणात कळलं. बटण परत पहिल्यासारखं होतं, म्हणजे समोरच्याने नाकारलं. त्याला दुसरा अर्थ नसतो. माझ्या जिभेवर तयार होतं, नेटवर्क असेल मास्तर, ॲप बदललंय, परत पाठवू. इतकं सोपं होतं. त्यांना काय कळणार होतं? आणि मग मला त्या संध्याकाळी आठवल्या, फोनवर मुलगी आणि इकडून मास्तर, आई झोपलीय, आई शेजारी गेलीय.

"गेली होती," मी म्हटलं. "तिनं नाकारली, मास्तर."

त्यांनी मान हलवली. फोन हातात तसाच. "ओळ वाचली असेल?"

"ओळ वरच दिसते. वाचली असणार."

"म्हणजे मी बघत होतो, हे तिला कळलं."

"कळलं असेल."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मी नव्हतं कळवलं तिला." मग माझ्याकडे न बघता, "माफी मागायला हवी होती ना, बाई?"

"हो, मास्तर."

"परत पाठवता येते?"

"येते. आत्ता पाठवू. तुम्ही सांगाल ते लिहिते."

ते बटणाकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, देवाशपथ, त्या बटणावर मीच बोट आपटावं असं वाटत होतं. मग त्यांनी नाही म्हटलं. "तिनं ठरवलंय. एकदा तिचं मी ठरवून बसलो होतो, आता पुरे."

जाऊन खुर्चीत बसले. फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवला. पडद्यावर परत त्या मुली यायला लागल्या, लोकांच्या. मला ते बघवेना. मी भिंतीवरून हात पुढे केला, "द्या मास्तर, तो खोका रिकामा करून देते. उगाच कशाला छळ?"

त्यांनी फोन झटकन मागे ओढला. माझ्यापासून. लहान मूल ओढतं तसा.

"नको," म्हणाले. "काही पुसू नका आता. कुणाच्या का असेनात."

मी हात मागे घेतला. पडद्यावर दोन-अडीच वर्षांची एक पोर जमिनीवर बसून स्वतःचे बूट घालत होती, जीभ बाहेर काढून, मोठ्या कष्टाने. मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं, सुईत दोरा ओवला, आणि फोनकडे बघत हळूच म्हणाले, "उलटे घातलेस गं."